बी खोटे नव्हते : नाशिकच्या एका अंगणातील शोभेच्या माठाचे प्रकरण

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळी होऊन चार दिवस झाले असताना, इंदिरानगरमधील आमच्या गल्लीतील एका निवृत्त गृहस्थांनी मला त्यांच्या अंगणात बोलावून घेतले, बियाण्याची दोन अर्धवट भरलेली पाकिटे माझ्या हातात ठेवली आणि "हे बी खोटे निघाले, तक्रार कुठे करायची ते सांगा," असे सरळच विचारले. गल्लीतील सगळे त्यांना आणि त्यांच्या पत्नीला काका-काकू म्हणतात. या लेखातही मी तसेच म्हणतो. काका चिडलेले होते, आणि पाकिटावरील चित्र व समोरचा वाफा यांची तुलना केली तर त्यांचा राग समजण्यासारखा होता.

एका पाकिटात तिरंगी माठाचे, म्हणजे अमरँथस ट्रायकलरचे बी होते. चित्रात छातीएवढ्या झाडाच्या शेंड्याशी लाल, पिवळ्या आणि किरमिजी पानांचा झुपका होता. दुसऱ्या पाकिटात अमरँथस कॉडेटस, ज्याचे गडद लाल तुरे दोरीसारखे खाली लोंबतात. लॅटिनमध्ये 'कॉडा' म्हणजे शेपूट, त्यावरून हे नाव पडले. रोपवाटिकेत दोन्हींना सरसकट 'अमरान्थस' म्हणतात, घरी आणल्यावर त्यांचा 'शोभेचा माठ' होतो. काकांच्या वाफ्यात मात्र गुडघ्यापर्यंतही न पोचलेली, मातकट हिरवी, खालची पाने गळालेली अशी तीसेक रोपे उभी होती. तिरंगी माठाच्या पानांच्या बेचक्यांत फुलांचे हिरवे गुच्छ आले होते आणि लोंबत्या माठाला बोटभर तुरे फुटून थांबले होते. भाजीसाठी लावलेला लाल माठ जून होऊन फुलावर आला की जसा दिसतो, त्याहूनही हा वाफा केविलवाणा होता.

बियाणे विकणाऱ्याने काकांना "उशिरा पेरलंत" एवढेच सांगून वाटेला लावले होते. काकांना ती टाळाटाळ वाटली. मलाही प्रथम तसेच वाटले, हे कबूल करायला हवे.

लागवडीचा पहिला इतिहास

तक्रार लिहिण्यापूर्वी मी काकांकडून लागवडीची सगळी हकीकत काढून घेतली. सुदैवाने काका तारखा डायरीत लिहून ठेवणाऱ्यांपैकी आहेत. पेरणी झाली होती २३ सप्टेंबर २०२३ रोजी, गणपती बसल्यानंतर चार दिवसांनी. पावसाचा जोर ओसरला की पेरावे आणि दिवाळीपर्यंत, म्हणजे पन्नास दिवसांत, अंगण रंगावे असा हिशेब होता. वाफा घराच्या उत्तरेला, भिंतीपासून सुमारे आठ फुटांवर होता. पूर्वी तिथे गुलाब होते, म्हणून जमीन काळी, भारी, आणि वर्षानुवर्षे शेणखत मुरलेली. पेरणीपूर्वी काकांनी त्यात आणखी चार पाट्या शेणखत मिसळले आणि रोपे बोटभर झाल्यावर दोनदा युरियाचे पाणी दिले. बी आधी ट्रेमध्ये पेरून रोपे तीन आठवड्यांनी वाफ्यात लावली होती. कीटकनाशक मारले नव्हते. पाणी रोज संध्याकाळी, नळीने, पानांवरून.

ही नोंद वाचताना माझ्या मनात एकाच वेळी चार संशयित उभे राहिले: पेरणीची वेळ, सावली, खत आणि पुनर्लागवड. पाचवा संशयित अर्थातच बियाणे. अडचण अशी होती की पाचही कारणांनी साधारण असेच रोप दिसू शकते, आणि वाफा एकच असल्यामुळे कोणते कारण किती दोषी हे त्यावरून ठरवता येत नव्हते. पाकिटे मात्र अर्धी शिल्लक होती. माठाचे बी कोरड्या, थंड जागी ठेवले तर काही वर्षे टिकते. तेव्हा तेच बी पुढच्या पावसाळ्यात पेरून पाहायचे आणि तोवर तक्रार लांबणीवर टाकायची, असे मी सुचवले. काकांनी पाकिटे काचेच्या बरणीत घालून कपाटात ठेवली, पण त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.

सावलीचा हिशेब

त्या हिवाळ्यात एक संशयित आपणहून समोर आला. काका ठामपणे म्हणत होते की उत्तरेच्या वाफ्यात दिवसभर ऊन असते, कारण त्यांनी ते स्वतः घड्याळ लावून मोजले होते. मी महिना विचारला, तेव्हा उत्तर आले, मे.

नाशिक साधारण २० उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास इथे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यानंतर दीड-दोन महिने तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो, आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा डोक्यावर येऊन दक्षिणेकडे सरकू लागतो. म्हणजे मे ते जुलै या काळात घराच्या उत्तरेची जागा दक्षिणेइतकीच, किंबहुना कांकणभर जास्त, उन्हात असते. पुढे मात्र घराची सावली उत्तरेकडे वाढत जाते. काकांचे घर दुमजली, गच्चीच्या कठड्यापर्यंत सुमारे वीस फूट उंच. २३ सप्टेंबरच्या आसपास भरदुपारी त्याची सावली सात फुटांच्या थोडी पुढे जाते, म्हणजे वाफ्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबते. नोव्हेंबरच्या मध्याला ती सोळा फुटांपर्यंत पोचते. ज्या आठवड्यात पेरणी झाली त्याच आठवड्यात सावली वाफ्याला टेकली आणि रोपे वाढू लागली तशी ती त्यांच्यावरून पुढे गेली. काकूंनी डिसेंबरमध्ये दुपारी साडेबाराला चुन्याने सावलीची रेघ मारून ठेवली, तेव्हा काकांचा पहिला मुद्दा ढिला पडला.

माठाला सावली का मानवत नाही, हे त्याच्या घडणीतच आहे. मका, ज्वारी आणि ऊस यांच्याप्रमाणे माठाचे प्रकाशसंश्लेषण सी-४ पद्धतीचे असते. कडक ऊन आणि उष्णता यांचा तो पुरेपूर उपयोग करतो आणि सावलीत त्याचा हा फायदा नाहीसा होतो. रंगाचेही तसेच. माठाचा लाल रंग बीटालेन गटातील रंगद्रव्यांचा असतो. बीट, बोगनवेल, गुलबाक्षी आणि फड्या निवडुंगाचे बोंड यांचा रंगही त्याच गटातला. आपल्या नाशिकच्या काळ्या द्राक्षांचा रंग अँथोसायनिनचा, आणि गंमत अशी की ही दोन्ही रंगद्रव्ये एकाच वनस्पतीत एकत्र सापडत नाहीत. लाल माठाची भाजी शिजवताना सुटणारे गुलाबी पाणी ज्याने पाहिले आहे त्याला बीटालेन पाण्यात विरघळते हे वेगळे सांगायला नको. पानात हे रंगद्रव्य भरपूर तयार व्हायला ऊन लागते, आणि ते कमी पडले की हरितद्रव्याचा हिरवा रंग वरचढ ठरतो.

दुसरी पेरणी, जून २०२४

उरलेले बी आम्ही चार ठिकाणी वाटले. प्रत्येक ठिकाणी दोन्ही प्रकार, मोजून थोडी थोडी रोपे. याला कोणी शास्त्रीय प्रयोग म्हणू नये, पण एका वाफ्यापेक्षा बरे. पहिली जागा तोच उत्तरेचा वाफा, नवे खत न घालता. दुसरी, फाटकालगतची दक्षिणेची पट्टी, बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद. तिथे बांधकामाचा राहिलेला मुरूम होता, त्यात थोडी काळी माती मिसळून सहा इंच उंचीचा गादीवाफा केला. तिसरी जागा गच्चीवरील दोन अर्धे ड्रम, निम्मे गांडूळखत आणि निम्मी माती भरलेले, दिवसभर उन्हात. चौथी जागा म्हणजे फाटकालगतच्या पट्टीचाच शेवटचा दोन फुटांचा तुकडा, जो मुद्दाम रिकामा ठेवला आणि त्यात २० सप्टेंबरला पेरायचे ठरवले. हा चौथा तुकडा काकांना पटत नव्हता. "माहीत असून वाया घालवायचं?" असे ते म्हणाले. पण बियाणेवाला खरे बोलत होता की नाही हे कळण्याचा तोच एक रस्ता होता.

पहिल्या तीन जागी पेरणी २२ जूनला, आर्द्रा लागल्यावर, वाफसा पाहून केली. माठाचे बी मोहरीपेक्षा कितीतरी बारीक. एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक बिया मावतात. त्यामुळे चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळून, वाळू भुरभुरल्यासारखे पेरले, वर मातीचा जेमतेम पापुद्रा दिला आणि हाताच्या तळव्याने दाबले. ट्रेमध्ये रोपे केली नाहीत. माठाचे सोटमूळ दुखावले की रोप काही दिवस थबकते आणि पुष्कळदा लहानपणीच फुलावर येते.

तिसऱ्या दिवशी जोराची सर आली आणि दक्षिणेच्या पट्टीतील निम्मे बी वाहून एका कोपऱ्यात गोळा झाले. पाचव्या दिवशी त्या कोपऱ्यात गालिच्यासारखी लाल रोपे उगवली आणि बाकीची पट्टी टक्कल पडल्यासारखी दिसू लागली. उरलेल्या बियांतून मोकळ्या जागी पुन्हा टोबले आणि या वेळी आठ दिवस वर जुन्या साडीचा तुकडा ताणून बांधला. पाऊस त्यातून गाळून पडला. उत्तरेच्या वाफ्यात, जिथे काळ्या मातीत पाणी तुंबत होते, दहा-बारा रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडली. हा रोग निचरा नसलेल्या मातीतल्या बुरशीचा. वाफ्याला एका बाजूने चर काढल्यावर तो थांबला.

विरळणी काकूंनी केली, आणि चांगली केली. दाट रोपे उपटली तर शेजारच्या रोपाची मुळे हलतात, म्हणून त्यांनी नको असलेली रोपे कात्रीने जमिनीलगत कापली. तिरंगी माठात एक-एक फूट आणि लोंबत्या माठात दीड ते दोन फूट अंतर ठेवले. एवढे अंतर ठेवायला जीव धजत नाही, पण ऑगस्टमध्ये त्याचे मोल कळते.

जुलैअखेर काकांचा धीर पुन्हा सुटला, कारण दक्षिणेच्या पट्टीतील तिरंगी माठ कमरेएवढा झाला तरी रंग म्हणून काही दिसत नव्हता. पाने तपकिरी-हिरवी होती. या जातीत पाकिटावरचा रंग खालच्या पानांत येत नाही. झाड वाढून आल्यावर शेंड्याकडे जी नवी पाने फुटतात ती रंगीत असतात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मधल्या तीन झाडांच्या शेंड्यांत देठाकडून पिवळा, मग नारिंगी, आणि टोकाला किरमिजी अशी पाने उलगडू लागली. काकांनी मला फोन केला नाही. थेट दारात येऊन उभे राहिले.

ऋषिपंचमीचा देठ

८ सप्टेंबर २०२४ रोजी ऋषिपंचमी होती. काकांच्या आई, वय वर्षे शहाऐंशी, अजून ऋषीची भाजी स्वतः निवडतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही हा नेम, आणि अंगणात कुदळीने खणून आलेला माठ त्या नेमात चपखल बसत होता. पाकिटावर बीजप्रक्रियेची नोंद नव्हती, बियांना रंगाचा थरही नव्हता आणि झाडांवर कोणतेच औषध मारलेले नव्हते, म्हणून मीही हरकत घेतली नाही. शोभेच्या बियाण्याला पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेले असते, तेव्हा इतरांनी हे तपासल्याशिवाय त्याची कोवळी रोपे भाजीत घालू नयेत.

आजींनी उत्तरेच्या वाफ्यातील लोंबत्या माठाचे एक जाड झाड कापायला सांगितले. देठ सोलताना विळी एका जागी अडखळली. बुंध्यापासून वीतभर वर खोड बोटाच्या पेरासारखे फुगले होते. तिथे उभा छेद दिला तर आत भुश्याने भरलेला बोगदा आणि त्याच्या टोकाला पाय नसलेली, वाकडी, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी. "याला किडका देठ म्हणतात, आमच्याकडे परसात असायचा," आजी शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी दुसरे झाड मागितले.

हा माठाच्या खोडात राहणारा सोंड्या भुंगेरा, हायपोलिक्सस ट्रंकॅट्युलस. मादी खोडाला छिद्र पाडून अंडे घालते, अळी आतून पोखरत जाते, तिथे गाठ येते, आणि वरून झाड ठणठणीत दिसत असतानाच वाऱ्याने मोडते. आधीच्या आठवड्यात त्या वाफ्यातील दोन झाडे आडवी झाली होती आणि आम्ही दोष वाऱ्याला दिला होता. ती दोन्ही झाडे खताच्या ढिगावरून परत काढून चिरली, तर दोन्हींत तोच बोगदा. आत शिरलेल्या अळीवर वरून फवारून काही साधत नाही. गाठ आलेली सहा झाडे उपटून जाळली आणि कुंपणापलीकडच्या रिकाम्या भूखंडावर माजलेला काटेमाठ काढला, कारण हा भुंगेरा रानटी माठावरही वाढतो. भूखंडाचा मालक कोण हे कोणालाच माहीत नसल्यामुळे काटेमाठ काढण्याचे काम आता दर पावसाळ्यात काकांच्याच गळ्यात आहे.

पांढऱ्या तांबेऱ्याचे प्रकरण त्यामानाने किरकोळ होते. पानांच्या खालच्या बाजूला चुन्याचे थेंब पडल्यासारखे फोड आले, ती पाने खुडली, पाणी सकाळी आणि बुंध्याशी देऊ लागलो, आणि सप्टेंबरअखेर तो ओसरला.

चारही जागांचा निकाल

दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी दक्षिणेच्या मुरमाड पट्टीतील लोंबत्या माठाचे तुरे हातभर लांब होऊन फाटकाच्या गजांवर टेकले होते आणि तिरंगी माठ छातीएवढा, शेंड्याशी पाकिटावरच्या चित्राइतका रंगीत होता; चित्रापेक्षा पिवळा थोडा कमी, एवढाच फरक. त्या पट्टीला आम्ही खताचा एक कणही दिला नव्हता.

गच्चीवरच्या ड्रमांत ऊन तेवढेच, पेरणी त्याच दिवशीची, बी तेच. फरक फक्त खताचा. तिथली झाडे सर्वांत उंच आणि सर्वांत हिरवी झाली. पाने तळहाताहून मोठी, लुसलुशीत, आणि रंग पुसट. पाने गुंडाळणाऱ्या अळीने सर्वाधिक मुक्काम याच झाडांवर ठोकला. काकूंनी गुंडाळ्या रोज हाताने चिरडल्या आणि निंबोळी अर्क फवारला. परतीच्या पावसात तुरे भिजून जड झाले तशी ही पोसलेली झाडे एका रात्रीत बांबूसकट झुकली. नत्र भरपूर मिळाले की माठ पाला वाढवतो, रंगाकडे पाठ फिरवतो. भाजीसाठी हे उत्तमच. लाल माठाची जुडी कोवळी आणि भरघोस हवी असेल तर शेणखत घालावेच.

उत्तरेच्या वाफ्यात उंची चांगली आली, कारण जून ते ऑगस्ट ऊन होते, पण सावली पोचल्यावर तिरंगी माठाचे शेंड्याचे रंग आठ-दहा दिवसांत निवले. लोंबत्या माठाचे तुरे तोवर बाहेर पडलेले असल्यामुळे ते मात्र टिकले. या वाफ्यात इथून पुढे फक्त लोंबता माठ लावायचा, असे त्यावरून ठरले.

राहिला चौथा तुकडा. भरपूर ऊन, खत शून्य, पुनर्लागवड नाही, बी तेच, आणि पेरणी २० सप्टेंबरची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथली रोपे जेमतेम गुडघ्याएवढी असताना फुलावर आली. पानांना लाली चांगली होती, पण झाड म्हणून काही उभे राहिलेच नाही. माठाच्या या दोन्ही जाती लहान दिवसाच्या आहेत: दिवस आखडू लागला की त्या वाढ थांबवून फुलाकडे वळतात. नाशिकला जूनच्या शेवटी दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांच्या आसपास आणि नोव्हेंबरच्या मध्याला सव्वाअकरा तासांच्याही आत. जूनमध्ये पेरलेल्या झाडाला उंची गाठायला अडीच-तीन महिने मिळतात. सप्टेंबरात पेरलेले रोप कळते होते ते आखूड दिवसांतच, आणि त्यात इथल्या थंड रात्रींची भर पडते. बियाणेवाल्याचे दोन शब्द खरे होते. त्याने ते जरा नीट समजावून सांगितले असते तर काकांचे एक वर्ष वाचले असते, असे मला अजूनही वाटते.

माझ्या अंदाजाने २०२३ च्या फसगतीत वेळेचा वाटा सर्वांत मोठा, त्याखालोखाल सावलीचा. खताने रंग आणखी मारला. पुनर्लागवडीबद्दल मी काही म्हणत नाही, कारण ती वेगळी करून पाहिली नाही. बियाणे पूर्ण निर्दोष.

पुढच्या वर्षाची तजवीज

डिसेंबरमध्ये काकूंनी सर्वांत लांब तुरे कापून जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात उलटे टांगले. वाळल्यावर रंग थोडा विटला, पण आकार राहिला. अमरँथस हे नाव मुळात ग्रीक, अर्थ 'न कोमेजणारे', आणि ते या तुऱ्यांवरून बरोबर पटते. बी धरताना मी एक सूचना केली. लोंबता माठ आणि आपला उपवासाचा राजगिरा हे जवळचे नातलग असून त्यांचा संकर होऊ शकतो, आणि आजींच्या आग्रहाने परसात राजगिऱ्याची चार झाडे होती. त्यामुळे लोंबत्या माठाचे घरचे बी पेरल्यास पुढे सरळ उभी, अर्धवट लोंबती अशी सरमिसळ निघण्याची शक्यता आहे. तिरंगी माठ दूरच्या शाखेतला, त्याचे बी धरायला हरकत नाही.

काकांनी तिरंगी माठाचे बी पुडीत बांधून वर लिहिले: 'आर्द्रात पेरणे. दक्षिणेस. खत नको.' जून २०२५ मध्ये पुडी सोडायची वेळ आलीच नाही. पहिल्याच पावसानंतर फाटकालगतच्या विटांच्या फटींतून, पायरीच्या कडेने आणि गच्चीच्या पन्हाळीखाली लाल देठांची शेकडो रोपे आपणहून उगवली, आणि काकू कात्री घेऊन त्यांतली कोणती ठेवायची यावर आजींशी वाद घालत बसल्या होत्या.